भरत आलेली जखम

४ मार्च

पोचले एकदाची. बसमधून उतरताच बॅगेचं एक चाक निखळलं आणि चढाची ती अख्खी गल्ली मी बॅग हट्टी कुत्र्यासारखी ओढत आणली. दारात काका उभे. पंच्याहत्तरीचे, काटकुळे, शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. सिस्टर, तुम्ही सात मिनिटं लवकर आलात, म्हणाले. कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही.

खोली मात्र फक्कड. वरच्या मजल्यावर, खिडकी मागच्या अंगणाकडे. अंगणात दोरीवर धुतलेल्या पट्ट्या वाळत असतात, लांबच लांब, पांढऱ्या. हॉस्पिटलात सहा वर्षं एका पाळीला तीस-तीस पेशंट सांभाळले. इथे एकच. मला तर सुट्टीवर आल्यासारखं वाटतंय.

माझी पेशंट म्हणजे काकू. खुर्चीत बसल्याबसल्याच त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, शब्दकोडी येतात का. येत नाहीत म्हटल्यावर म्हणाल्या, हरकत नाही, माझा पाय तरी येतो ना? हसून हसून त्यांना ठसका लागला.

स्वयंपाकाला एक मावशी आहेत. कमी बोलतात, पण सूप असं करतात की माणसानं वाडगा चाटावा.

६ मार्च

आता कामाचं लिहिते.

डाव्या नडगीवर जखम, लांबी ६२ मिलिमीटर, रुंदी ३८. अकरा वर्षांची! मधुमेह नाही, शिरांचा त्रास नाही, रक्तपुरवठा उत्तम. तळ लालबुंद, निरोगी. अशी जखम खरं तर तीन महिन्यांत भरायला हवी. पण भोवतालची कातडी नुसती पेटलेली: लाल, सुजलेली, बारीक बारीक फोड, त्यातून लस झिरपतेय. काकूंना खाज इतकी, की बोलता बोलता त्या खुर्चीच्या हातावर नखं घासत राहतात.

काकांचे नियम तीन. मलम दिवसातून दोनदा, एकही वेळ चुकता कामा नये. हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. आणि ड्रेसिंगच्या वेळी खोलीत तिसरं माणूस नको. काकांचं पूर्वी औषधांचं दुकान होतं. मलम ते स्वतः बनवतात, मागच्या खोलीत, काचेच्या लादीवर पात्यानं घोटून घोटून. पिवळट, राळेच्या वासाचं. इतकी वर्षं ड्रेसिंगही तेच करायचे. आता हात कापतात, डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून मी.

हातमोज्यांचा नियम मी पहिल्याच दिवशी मोडला. रबरानं माझे हात उलतात. लहानपणापासून इसब आहे मला. काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, त्यांना सांगू नकोस म्हणजे झालं.

११ मार्च

आज दुपारच्या उजेडात पाय खिडकीपाशी घेऊन नीट पाहिलं, आणि माझं मलाच हसू आलं. इतकी साधी गोष्ट!

जखमेभोवतीचा लाल पट्टा सरळ कडेचा आहे. आजार असा पट्टीनं रेघ मारून थांबत नाही. मलम जिथपर्यंत लागतं तिथपर्यंतच कातडी पेटलीय, त्यापुढे लोण्यासारखी. म्हणजे काकूंना मलमाचीच अ‍ॅलर्जी आहे. राळ असेल, लोकरीची चरबी असेल. वर्षानुवर्षं तेच लावल्यावर होते अशी. आणि कडेची कातडी पेटलेली असली की जखमेला भरायला जागाच मिळत नाही. नवी कातडी सरकणार कुठून? चोरालाच राखणीला बसवलंय.

खात्री म्हणून काकूंच्या दंडावर मलमाचा ठिपका लावून वर चिकटपट्टी मारली. माझ्याही दंडावर एक. दोन दिवसांनी उघडायचं.

आमच्या खारूचा फोन आला. खारू म्हणजे माझी धाकटी बहीण. दिवसभर काहीतरी कुरतडत असते म्हणून हे नाव. आई म्हणायची, थोरलीच्या वाटची कातडी धाकटीला गेली आणि धाकटीच्या वाटची अक्कल थोरलीला. खारूच्या अंगावर खरंच एक डाग नाही. सुट्टी मिळाली की येईन म्हणाली. ये म्हटलं.

१३ मार्च

पट्ट्या काढल्या. काकूंच्या दंडावर लाल चौकोन, वर फोड. माझ्या दंडावर काही नाही.

धावतच काकांकडे गेले. वाटलं, म्हातारा हादरेल, डोळ्यांत पाणी आणेल, की अकरा वर्षं मीच हिला छळलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पातं धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. मग म्हणाले, “सिस्टर, जखम बरी करायला तुम्हाला ठेवलेलं नाही. सांभाळायला ठेवलंय.”

त्यांना ठाऊक होतं. मलम कातडीला काय करतं ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

१४ मार्च

दिवसभर डोकं भणभणतंय. बायकोला अकरा वर्षं खुर्चीला खिळवून ठेवणारा नवरा! तक्रार करावी तर कुणाकडे? आणि काकू? त्या तर त्यांच्या हातून चहा घेताना नव्या नवरीसारख्या लाजतात.

मावशींना आडून विचारलं, की काका तापट आहेत का. मावशी कांदा चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, त्यांच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही, आणि सिस्टर, सांगितलंय तेवढं करा.

१७ मार्च

केलं. मलमाची बरणी रिकामी केली आणि तिच्यात साधं व्हॅसलिन भरलं. वास यावा म्हणून बुडाशी थोडं जुनं मलम राहू दिलं, काकूंच्या पायाला मात्र त्याचा कणही लावत नाही. काकांना आता नीट दिसत नाही, फक्त वास येतो.

नोकरी जाईल फार तर. जाऊ दे.

२५ मार्च

५४ बाय ३१! आठ दिवसांत! फोड सुकले, लस थांबली, कातडी निवली. कडेनं नवी कातडी सरकतेय, गुलाबी, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. काकू काल सलग सहा तास झोपल्या आणि उठून म्हणाल्या, अगं, आज काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय. मी मनात म्हटलं, खाज विसरलात, काकू!

आज ड्रेसिंग करताना मी चक्क गुणगुणत होते. पाय मांडीवर घेऊन बसले, दुसरं कुणी नव्हतं. आई असती तर काकूंच्या वयाची झाली असती.

१ एप्रिल

४१ बाय २४.

माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी चीर पडलीय. इसबाची सवयीची जागा. तीन मिलिमीटर. क्रीम लावलं.

८ एप्रिल

काकू २९ बाय १७. आज त्या भिंतीला धरून खिडकीपर्यंत चालल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद असेल असं वाटलं होतं. त्या पायाकडे टक लावून बघत होत्या. विचारलं, मलम तेच आहे ना गं? मी हो म्हटलं.

माझी चीर भरत नाहीये. अकरा मिलिमीटर. चीरही म्हणवत नाही आता, तोंड उघडलंय तिनं. भोवती लाल, फोड, लस. खालच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इसबाची कातडी, त्यात सारखं पाण्यात हात, ती सुजलेली असेपर्यंत जखम रेंगाळणारच, धीर धरा. मीसुद्धा पेशंटला हेच सांगितलं असतं.

१२ एप्रिल

काकू २१ बाय १२.
मी २० बाय १४.

हे आकडे एकाखाली एक लिहायला नको होते.

१५ एप्रिल

हाताला पट्टी बांधून फिरते, भाजलं म्हणून सांगते. आज स्वयंपाकघरात पट्टी बदलत होते तेवढ्यात मावशी आत आल्या. त्यांनी माझा हात पाहिला. हातातला ट्रे तसाच सुटला, कपबशा फुटल्या. त्या माझ्याकडे आल्या नाहीत. भिंतीला पाठ लावून, सरकत सरकत दारापर्यंत गेल्या आणि तिथून धावत काकांकडे.

दार बंद करून दोघं बोलत होते. काकांचा आवाज चढलेला मी आज पहिल्यांदा ऐकला. मग म्हातारा माणूस रडतो तसा आवाज.

१६ एप्रिल

सगळं लिहून ठेवते. हात दुखतोय, तरी लिहिते.

सकाळी काकांनी मला समोर बसवलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

ही जखम काकूंची नाही. त्यांच्या मुलीची आहे. मुलगी एकोणीस वर्षांची असताना तिच्या मनगटावर उठली. तिला कुठून आली कुणालाच माहीत नाही. दोन वर्षं भरली नाही, मुलगी वाळून काडी झाली. काकूंनी दिवसरात्र सेवा केली, आणि एक दिवस जखम भरायला लागली. जसजशी मुलीची भरत गेली तसतशी काकूंच्या नडगीवर उघडत गेली. मुलगी आता दूर देशी असते, सुखात आहे. हे दोघं तिला कधी घरी येऊ देत नाहीत. आईवडील असे का तुटले, हे तिला अजून कळलेलं नाही.

जखम मरत नाही, म्हणाले काका. जागा बदलते. इथे भरली की तिथे उघडते. ज्याचा हात मायेनं लागतो त्याच्याकडे जाते.

एकदा काकूंना हॉस्पिटलात ठेवलं होतं. तिथल्या आयाबाईंनी जीव लावून केलं. काकू बऱ्या झाल्या, आणि आयाबाईंच्या हातावर आली. काकूंनी त्या बाईला घरी आणलं आणि रोज उघड्या हातांनी तिची पट्टी बांधली, मागून घ्यावी तशी जखम परत मागून घेतली. त्या आयाबाई म्हणजे मावशी. दाराशी उभ्या होत्या, त्यांनी बाही वर करून व्रण दाखवला. मनगटाच्या वर, बोटभर लांब.

त्यानंतर काकांनी मलम शोधून काढलं. बायकोच्या कातडीला नेमकं काय झोंबतं ते एकेक करून तिच्याच दंडावर लावून पाहिलं आणि त्याचं मलम केलं. कातडी पेटलेली राहिली की जखम भरणार नाही, भरली नाही की हलणार नाही. काकूंनीच तसं सांगितलं होतं. माझ्यापाशीच थांबू दे म्हणाल्या.

ते मलम औषध नव्हतं. कुलूप होतं. मी शहाणी, मी ते काढलं.

मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? काका म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता का?

नसता ठेवला.

१९ एप्रिल

काकूंच्या नडगीवरची जखम बुजली. पूर्ण. व्रण गुळगुळीत.

माझी ५९ बाय ३६. तळहाताच्या मागच्या बाजूला वळलीय.

काकूंना आज सगळं सांगितलं. त्यांनी मला थोबाडीत मारली. मग जवळ घेतलं. म्हणाल्या, वेडे, तुझं वय काय, इकडे आण तो हात.

२३ एप्रिल

काकू रोज दोनदा पट्टी बदलतात. उघड्या हातांनी. नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही मी. भीती वाटते. खाज अशी की हाडापर्यंत ओरबाडावंसं वाटतं. माणूस किती स्वार्थी असतं ते मला या हातानं शिकवलं.

माझी ५१ बाय ३०. काकूंच्या नडगीवर वाटाण्याएवढा लाल डाग.

पट्टी बांधताना त्या शब्दकोड्यातले शब्द विचारतात, म्हणजे माझं लक्ष तिकडे राहावं. पाच अक्षरी, ‘परत मिळालेलं’. नाही आलं मला.

२७ एप्रिल

काकू गेल्या.

दुपारी. माझा हात त्यांच्या मांडीवर होता. गॉज उचललं, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वळवली. संपलं. गॉज त्यांच्या बोटांतून मीच सोडवलं.

काका मुलीला फोनवर सांगत होते, येऊ नकोस. बाप लेकीला आईच्या शेवटच्या दर्शनाला येऊ नकोस म्हणत होता. पलीकडून ती ओरडत होती ते मला जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

काकूंना शेवटचं तयार करताना पाय पाहिला. डाग नव्हता.

२९ एप्रिल

६४ बाय ४०.

काकूंनी जे घेतलं होतं ते सगळं माझ्याकडे परत आलं. वर व्याजही.

२ मे

मावशी आज घर सोडून गेल्या. कपडे भरताना म्हणाल्या, मी एकदा भोगलंय सिस्टर, माझ्यानं परत होणार नाही, मला शिव्या द्या. मी शिव्या दिल्या नाहीत. दारातून वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचा हात पुढे येत होता. मीच ओरडले, जा म्हणून.

आता घरात काका आणि मी.

उजव्या हाताला पट्टी डाव्या हातानं बांधता येत नाही. काका बांधतात. थरथरत्या हातांनी, चाचपडत. त्यांनी हातमोजे घातले होते. आज पाहिलं, हातमोज्यांची बोटं फाटलेली आहेत.

५ मे

माझी ५८ बाय ३५. कमी झाली.

काकांच्या बोटाच्या पेरावर लाल ठिपका. त्यांना दिसत नाही तो. मला दिसतो.

६ मे

काकांना स्पष्ट सांगितलं, हात लावायचा नाही. ते म्हणाले, लागू दे मला, माझं काय राहिलंय आता. पण त्यांच्यानंतर? त्यांना आणखी कोण बघणार? मीच ना. आणि खरी गोष्ट ही, की काकूंनी हे ज्यासाठी अकरा वर्षं सोसलं ते माझ्या हातानं मोडलं. मीच सांभाळायला हवं. सांभाळायलाच ठेवलं होतं मला.

काकांनी मलमाची नवी बरणी करून दिली. लावलं.

८ मे

मलम चालत नाही. अर्थातच नाही! मीच तपासलं होतं ना, माझ्या दंडावर काही उठलं नव्हतं. ते काकूंच्या कातडीचं कुलूप. माझ्या कातडीला ते लोणी.

५३ बाय ३१.
काकांचा ठिपका मोठा. नको म्हटलं तरी पट्टी तेच बांधतात.

माझ्या कातडीला काय झोंबतं? विचार कर.

९ मे

निकेल. शाळेत असताना पट्ट्याच्या बकलनं पोटावर महिनाभर लाल चट्टा होता. आईनं बकलवर कापड शिवलं होतं.

काकांच्या जुन्या पट्ट्यांची बकलं काढली. तीन. जखमेच्या कडेला लावून वरून घट्ट बांधली. दातांनी गाठ मारली.

११ मे

पेटली. कडेची कातडी भाजल्यासारखी. फोड, लस. रडले खूप. पण ५३ बाय ३१ ला थांबली. दोन दिवस तीच. काकांच्या बोटावरचा ठिपका विरला.

कुलूप लागलं.

आता डाव्या हातानं लिहिते. अक्षर पोरासारखं. चालेल.

१३ मे

हे असं किती वर्षं? काकूंनी अकरा काढली, हसत. त्यांची लाज वाटते.

खारूचे नऊ फोन. उचलत नाही. आवाज ऐकला तर मी ये म्हणेन.

१५ मे

चिठ्ठी पाठवली. बरी आहे, काम खूप आहे, येऊ नकोस. डाव्या हाताचं अक्षर. ओळखेल का?

ओळखेल. मूर्ख मी. नको होती पाठवायला—

१७ मे

ताप. हात कोपरापर्यंत सुजलाय. काका डॉक्टरीणबाईंना बोलावतो म्हणतात. नको म्हटलं. त्या पहिल्यांदा बकलं काढतील.

बकलं काढायची नाहीत. कुणी आलं तरी. काकांकडून वचन घेतलं.

१८ मे

ताप चढतोय. खाली दाराशी कुणीतरी. काका बोलतायत. नाही म्हणतायत. ती ऐकत नाहीये, तिनं कधी कुणाचं—

जिन्यावर पावलं. तिचीच. दोन-दोन पायऱ्या एकदम—

खारू येऊ नको

२५ मे

सकाळ. ऊन आहे. पांघरूण धुतलेलं. माझे केस विंचरलेले.

हात हलका. थंड. खाज नाही.

मी उजव्या हातानं लिहितेय. पहिल्या ओळीपासून, आणि आत्ता लक्षात आलं. अक्षर बघा किती सुरेख येतंय.

बकलं टेबलावर. घासून पुसून ओळीनं मांडलेली. काका दारात उभे आहेत, आत येत नाहीत. मी बघितलं की मान खाली घालतात. एवढंच म्हणाले, की ती सात दिवस तुमच्या उशाशी होती, तिला मी सगळं सांगितलं, ती हसली.

हसली. मी तरी कुठे विश्वास ठेवला असता.

तिनं उघड्या हातांनी—

पट्टी सोडली. जखम नाही. गुलाबी रेघ फक्त, शिंपल्याच्या आतल्या—

नाही. घाबरू नये. नीट विचार करावा. घेतलेली परत घेता येते. काकूंनी मावशींची घेतली होती. मायेनं हात लावायचा, बस्स. ते मला येतं. तेवढंच तर येतं मला. मग ती परत माझी बांधेल, मी तिची, ती माझी— नाही, मी तिला समजावीन. तिला धरून बसवीन.

खालून हाक मारतेय. तोंडात काहीतरी आहे, नेहमीसारखं. विचारतेय, ताई, उठलीस का गं, आणि एखादी चिकटपट्टी आहे का, हनुवटीखाली कॉलर घासून सोललंय, किती दिवस झाले, भरतच नाही—

गळ्यावर.

गळ्यावर नको. गळ्यावर कसं बांधून ठेवणार कुणी, काय लावणार—

येतेय. आज पायऱ्या सावकाश चढतेय.

काकांना बाहेर पाठवलं. दार लावलं. हात स्वच्छ धुतले, दोन्ही. हातमोजे नकोत. ती आली की सांगणार आहे, बस इथे उजेडात, मान वर कर, घाबरू नकोस, अजिबात हलू नकोस खारू, मी आता तुझी